पुरातून निघालेली सुतारपेटी : गंज काढताना काय चुकलं, काय साधलं

पार्श्वभूमी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ज्या घराचं हे प्रकरण आहे, त्या घराचा तळमजला बुडाला. जिन्याखाली आजोबांची सागवानी सुतारपेटी होती. आजोबा जाऊन १४ वर्षं झालेली. नातू पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत, पण तेव्हा घरूनच काम करत होता. आजोबांच्या हाताखाली शिकलेले तात्या, तेव्हा वय ७४, दोन गल्ल्या सोडून राहतात आणि अजून अधूनमधून रंधा धरतात.

पाणी ओसरल्यावर आधी कागदपत्रं, मग धान्य, मग फ्रिज. पेटीचा नंबर चौथ्या-पाचव्या दिवशी लागला. अंगणात उपडी केली, पाइपने गाळ धुतला आणि घरातलं सगळं ज्या पाण्याने पुसत होते त्याच ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने तीही पुसली. मग ओलसर असतानाच झाकण लावून पुन्हा जिन्याखाली. त्या दिवसांत यापेक्षा जास्त काळजी कुणी घेतली असती असं मला वाटत नाही, पण लोखंडाच्या दृष्टीने याहून वाईट काही नव्हतं. ब्लीचिंगच्या पाण्यातलं क्लोरीन लोखंडाला धरतं, आणि बंद पेटीत ओल निघायला वाट नसते.

गौरी-गणपती आटोपल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, पेटी उघडली. १४ ऑक्टोबरला खंडेनवमी. आजोबा असताना त्या दिवशी हत्यारं पाटावर मांडून पूजा व्हायची, आणि आजीचं म्हणणं पडलं की यंदा घरात एवढं झालंय तर ती मांडलीच पाहिजेत. ही तारीख लक्षात ठेवा, पुढची घाई तिच्यामुळे झाली.

माझा संबंध असा, की मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. नातवाचा मावसभाऊ माझा विद्यार्थी. त्याच्याकडून नंबर घेऊन नातवाने फोन केला.

पेटीत काय होतं

एकूण ३१ हत्यारं. रंध्याची चार पाती, नऊ पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), तीन करवती, दोन वाकस (लाकूड तासायचे, आडव्या पात्याचे), चार गिरमिटं (भोकं पाडायची), पाच कानशी (धातू घासायच्या), एक गुण्या (काटकोन तपासायचा), आणि हातोडी, पक्कड, अंबूर (खिळे उपटायचा) प्रत्येकी एक. ही यादी नंतर केली. आधी कुणी मोजलं नव्हतं, फोटो काढले नव्हते.

गंज एकसारखा नव्हता. वाकसांवर जुना काळा थर होता, त्यावर पुराचा लाल गंज पिठासारखा बसलेला, फडक्याने निघेल असा. पटाश्यांवर खपल्या. चौकटीच्या करवतीचं अरुंद पातं दोन ठिकाणी फुगलेलं. गुण्याची मूठ शिसवाची, तिला पितळी पट्टी आणि पोलादी पातं, म्हणजे एकाच वस्तूत तीन जिन्नस.

पहिली बादली

पहिल्या फोनवरचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यात चूक माझी आहे.

"सर, गंज काढायला व्हिनेगर चालेल ना?"

"चालेल. रात्रभर ठेव."

मी एसटी स्टँडवर उभा होतो. कुठली हत्यारं, किती गंज, मुठी लाकडाच्या का, धातू एकच का, यातलं काहीही मी विचारलं नाही. हाताखालच्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला झापलं असतं.

त्याने वाणसामानाच्या दुकानातलं सिंथेटिक व्हिनेगर आणलं, ज्याच्या लेबलवर ॲसेटिक आम्ल ४ टक्के लिहिलेलं असतं. कुठल्याशा व्हिडिओत पाहून त्यात मूठभर मीठ टाकलं. बादलीत पटाश्या, रंध्याची पाती, दोन करवती, कानशी आणि गुण्या अशी २१ हत्यारं एकत्र गेली. पटाश्यांच्या मुठी काढल्या नव्हत्या. हातकरवत मावत नव्हती म्हणून तिरपी उभी केली, निम्मी बाहेर. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कामात तो असा अडकला की 'रात्रभर'चे ४० तास झाले.

मग दुसरा फोन. "सर, पाणी काळं झालंय आणि पटाश्या राखाडी दिसतायत. हात लावला की काळं लागतंय."

मी त्याच दुपारी गेलो. बादली अंगणात तशीच होती. हातकरवत उचलली तर पाण्याच्या पातळीवर पात्यावर आरपार एक रेघ कोरलेली, नख फिरवलं की अडकत होतं. निम्मं पातं आम्लात आणि निम्मं हवेत असलं की त्या सीमेवर गंज आणि आम्ल दोन्ही जोरात चालतात. गुण्याच्या पितळी पट्टीलगत पोलादावर गुलाबी छटा आलेली, म्हणजे पितळातलं तांबं सुटून पोलादावर बसलं होतं. शिसव फुगून रिव्हेट सैल झालेले, पातं हाताने हलत होतं. पटाश्यांच्या बाभळीच्या मुठी शाईत बुडवल्यासारख्या काळ्या. व्हिनेगरमध्ये विरघळलेलं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट अंश, भेटलं की शाईच तयार होते.

त्यातल्या त्यात कानशी फायद्यात निघाल्या. आम्लाने दात थोडे खाल्ले जातात, पण त्यातून ते पुन्हा टोकदार होतात. पाचांतल्या तीन लोखंडावर नव्यासारख्या चावायला लागल्या.

चौकटीच्या करवतीचं पातं तात्यांनी चौकटीत चढवलं, दोरी पिळून ताण दिला, आणि ते टचकन तुटलं. कडक पोलाद आम्लात फार वेळ राहिलं की त्यात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं, हे खरं. पण त्या पात्याला गंजाचे खड्डेही खोल होते. कशाने तुटलं हे घरी बसून ठरवता येण्यासारखं नाही. तात्यांनी तुकडे हातात घेतले, काही बोलले नाहीत, खिशात टाकले.

कोणकोणते पर्याय होते

खंडेनवमीला अकरा दिवस उरले होते. ओटीवर पोतं पसरून हत्यारं मांडली आणि पहिल्यांदा प्रत्येक वस्तू वेगळी पाहिली. त्यावेळी आजूबाजूने आलेले सल्ले आणि त्यांचं काय केलं, ते सांगतो.

शेजारच्या काकूंनी आमसुलाचं आगळ सुचवलं, नाहीतर चिंच-मीठ, पितळेची भांडी जशी उजळतात तशी. कोकमातलं आम्ल गंज सोडवतं, यात खोटं काही नाही. अडचण मिठाची. आगळात मीठ असतंच. मिठाने आम्ल जास्त जोरात चालतं म्हणून व्हिडिओवाले ते टाकतात, पण नंतर ते गंजाच्या खड्ड्यांत बसून राहतं आणि पहिल्या दमट हवेत तिथूनच पुन्हा लाल फुटतो. कोकणात दमट हवेची वाट पाहावी लागत नाही.

एकाने सांगितलं, संडास साफ करायचं ॲसिड ओता, पाच मिनिटांत चकाचक. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याची वाफ बाजूला ठेवलेल्या कोरड्या हत्यारांनाही गंज आणते. आणि या घरात अजून ब्लीचिंग पावडरची अर्धी पिशवी होती, अंगणाच्या फरशीवर तिचे पांढरे डाग होते. ते आणि हे ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. यावर चर्चा केलीच नाही, बाटली परत पाठवली.

विजेने गंज काढायची पद्धत मला स्वतःला आवडते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हत्यार बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि लोखंडाचा निरुपयोगी तुकडा धन टोकाला लावायचा. पोलाद खाल्लं जात नाही. स्टेनलेसचा तुकडा मात्र लावायचा नाही, त्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. पण पुरात बुडालेल्या घराचं वायरिंग अजून कुणी तपासलेलं नव्हतं. ओल्या अंगणात वायर ओढायला माझं मन झालं नाही.

तात्यांचं मत काकवीचं. एक भाग काकवी, दहा भाग पाणी, आणि विसरून जायचं. त्यांच्या उस्तादाने पहार अशी साफ केलेली त्यांनी पाहिली होती. हा सल्ला मी मोडीत काढला नाही. काकवी गंजातलं लोखंड धरून ठेवते आणि चांगल्या पोलादाला जवळपास हात लावत नाही. फक्त आठवडा-दोन आठवडे लागतात, वास येतो, आणि मुंग्यांना निमंत्रण द्यावं लागत नाही.

मी सुचवलं ते लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल), पण नुसतं नाही. नुसतं लिंबूसत्त्व व्हिनेगरसारखंच पोलादावर चालून जातं. त्यात धुण्याचा सोडा घालून आंबटपणा अर्धवट मारला की गंज धरण्याची ताकद बऱ्यापैकी राहते आणि पोलाद खाण्याचा जोर उतरतो.

काय केलं

आधी हातमोजे. पुराच्या गाळाने भरलेल्या हत्यारांनी बोट कापलं तर धनुर्वाताची सुई घ्यावी लागते, आणि त्या पावसात लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, भीती होतीच. नातवाने मोजे आणले, तात्यांनी घातले नाहीत.

मग चार ढीग. पहिल्यात नुसतं पोलाद: रंध्याची पाती, मुठी काढलेल्या पटाश्या, गिरमिटं. पटाश्यांच्या मुठी लाकडी ठोकळ्यावर आपटून सुटल्या, दोन फाटल्या. दुसऱ्यात करवती. तिसऱ्यात जाड सामान: हातोडी, पक्कड, अंबूर. चौथ्या ढिगाला द्रावण लावायचंच नाही असं ठरवलं, त्यात दोन्ही वाकस आणि गुण्याचे अवशेष.

वाकसांवरून थोडा वाद झाला. नातवाला ते चमकायला हवे होते. पण त्यांच्या अंगावरचा काळा थर घट्ट आणि स्थिर होता, असा थर खालचं लोखंड राखतो. तो काढला तर खाली उघडं लोखंड उरतं आणि पुढच्या पावसाळ्यात पहिल्यापासून सुरुवात. तात्या म्हणाले, "बाबा रे, अण्णांच्या हाताचा काळेपणा आहे तो, राहू दे." अण्णा म्हणजे आजोबा. शास्त्र आणि भावना एकाच बाजूला आल्यामुळे वाद मिटला. पितळी ब्रश आणि मशीनचं तेल, एवढंच.

द्रावणाचं प्रमाण: एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम लिंबूसत्त्व, ४० ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा, आणि चमचाभर भांड्यांचा पातळ साबण. आम्ही दहा लिटर केलं. इथे एक खोच आहे. दुकानात धुण्याचा सोडा दोन रूपांत मिळतो, कोरडी भुकटी आणि खडे. खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे ४० ग्रॅम भुकटीच्या जागी साधारण १०८ ग्रॅम खडे लागतात. नातवाने खडे आणले होते आणि भुकटीच्या हिशेबाने मोजले होते. वेळेत लक्षात आलं. सोडा थोडा थोडा घालायचा, कारण फेस वर येतो. एकदम ओतला तर बादलीबाहेर.

बुडवण्याआधी प्रत्येक तुकडा साबणाने घासला. तेलकट जागेवर द्रावण बसत नाही आणि तिथे गंजाचं बेट राहून जातं.

हातकरवतीसाठी विटांची चौकट करून त्यात निळी ताडपत्री अंथरली आणि उथळ तलाव केला. पातं आडवं, पूर्ण बुडालेलं, खाली दोन बांबूच्या काड्या. वरच्या बाजूला एकही बुडबुडा चिकटून राहू नये म्हणून अर्ध्या तासाने उलटं करायचं.

रंध्याचं एक पातं आधी एकटंच सोडलं, चाचणी म्हणून. तासाने काढलं, घासणीने घासलं, पुन्हा सोडलं. दुसऱ्या तासाला गंज सैल होऊन चिखलासारखा निघाला. तिसऱ्या तासाला धातूवरून बारीक बुडबुडे निघतात का ते पाहिलं. कुठल्याही आम्लात हीच खूण धरायची: गंज संपला की आम्ल धातूकडे वळतं, आणि धातूवरून सतत बुडबुडे सुटायला लागतात. साबणाचा फेस आणि हे बुडबुडे यांत गोंधळ होतो, म्हणून पातं आधी स्वच्छ पाण्यात धुऊन, मग साबण न घातलेल्या पेलाभर द्रावणात धरून बघितलं.

हेच पातं घासल्यावर ओटीवर सगळे जमले. रंध्याचं जुनं, जाड, वर शेफील्डचा ठसा आणि खाली 'कास्ट स्टील' अशी इंग्रजी अक्षरं. शेफील्डला १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, तिच्यावरून पडलेलं हे नाव. धारेपासून दीडेक इंचावर पात्याच्या कडेला एक बारीक रेघ उमटली होती: रेघेच्या एका अंगाला गडद राखाडी, दुसऱ्या अंगाला फिकट. जुनी पाती अशीच असायची, मऊ लोखंडाच्या पाठीवर पोलादाची पातळ पट्टी भट्टीत जोडलेली. पोलाद आम्लात जास्त गडद होतं, म्हणून सांधा दिसतो. तात्यांनी ५० वर्षं त्या पात्याला धार लावली होती. "हे दोन आहेत होय!" म्हणाले, आणि चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

पुढचे दोन दिवस नातवाने मोबाइलवर तासाचा गजर लावला. कुठल्याही नगाला सहा तासांपेक्षा जास्त लागले नाहीत. तिसरा ढीग तात्यांच्या काकवीत गेला, गोठ्यामागे, झाकण लावून.

व्हिनेगरमध्ये ४० तास काढलेल्या पटाश्यांचा प्रश्न वेगळा होता. हायड्रोजन घालवायला तापवतात, पण घरच्या ओव्हनच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. तापमान चढलं की पटाशीचं पाणी उतरतं, धार मऊ पडते. ओव्हन टाळला. पटाश्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, तेल लावून दहा दिवस नुसत्या ठेवल्या आणि तोवर त्यांच्यावर मोगरीचा (लाकडी हातोड्याचा) घाव घालायचा नाही असं ठरलं. साध्या हवेतही शिरलेला हायड्रोजन हळूहळू बराच निघून जातो.

वापरलेल्या द्रावणात आणखी सोडा घालून ते भरपूर पाण्यात पातळ केलं आणि विहिरीपासून लांब, पडीक जागेत ओतलं.

काय झालं

३१ पैकी २२ हत्यारं कामाची झाली. पाच साफ झाली पण काम करणार नाहीत: दोन कानशी, दोन गिरमिटं, रंध्याचं एक पातं. चार गेली: गुण्या, करवतीचं ते पातं आणि दोन पटाश्या. पटाश्यांच्या सपाट पाठीवर, अगदी धारेजवळ, गंजाचे खड्डे होते. द्रावण गंज काढतं, खड्डा भरत नाही. पाठीला खड्डा असला की तिथे धारेला खाच पडते, कितीही घासा.

हातकरवत कापते. ती कोरलेली रेघ मात्र तशीच आहे, आणि पात्यावरची कंपनीची बारीक नक्षी पाण्याखालच्या भागातून पुसली गेली.

काकवीची बादली खंडेनवमीनंतर पाच दिवसांनी उघडली. वर आंबूस फेस, त्यात मुंग्यांचा थर. पक्कड बाहेर काढून पाण्याखाली धरली तर गंज बोटाने पुसला गेला आणि खाली मूळचा काळसर रंग शाबूत. सगळ्यांत सुबक निकाल तिचाच, हे मला तात्यांसमोर कबूल करावं लागलं.

काय वेगळं करता आलं असतं

जुलैमध्येच, गाळ धुतल्यावर, हत्यारं पेटीबाहेर काढून पुसून त्यांवर कसलंही तेल फिरवलं असतं तर यातलं निम्मं काम निघालं नसतं. रॉकेल, मशीनचं तेल, स्वयंपाकाचंसुद्धा. पण पुराच्या चौथ्या दिवशी कोणाला हे सांगायचं?

पूजेसाठी हत्यारं चकचकीत लागतात असं आजी कधी म्हणाल्याच नव्हत्या. ते नातवाने धरून चाललेलं. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "मांडायची म्हटलं होतं, घासायची कुठे म्हटलं?" ती तारीख डोक्यात नसती तर बहुतेक सगळंच काकवीत टाकून निवांत बसता आलं असतं.

पहिल्या फोनवर मी निदान मुठी काढल्यात का, आणि पितळ लागलेलं काही आहे का, एवढं विचारायला हवं होतं. गुण्या नक्की वाचला असता. करवतीच्या पात्याचं सांगता येत नाही.

आणि एक चूक अगदी शेवटची, तीही माझीच. रंध्याची दोन पाती आणि सहा पटाश्या मी स्वतः साध्या पाण्यात धुतल्या, ऑक्टोबरचं ऊन आहे म्हणून ओटीच्या कठड्यावर वाळत ठेवल्या आणि चहाला आत गेलो. वीसेक मिनिटांत आठही नगांवर नारिंगी धूळ. नुकतंच उघडं पडलेलं पोलाद चिपळूणच्या हवेत तेवढा वेळही देत नाही. पुन्हा द्रावणात, पुन्हा घासणी. त्यानंतर क्रम बदलला: द्रावणातून काढून सोड्याच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बाहेर, म्हणजे धातू स्वतःच्या उष्णतेने वाळतो, आणि हाताला सोसेल इतका गरम असतानाच तेल. नातवाने हा क्रम वहीच्या कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. खाली तात्यांनी सुतारी पेन्सिलीने एक ओळ वाढवली आहे: "चहा नंतर."